खाण्याचे तेल आणि फळीचे तेल

गेल्या वर्षी जुलै महिन्यात प्रयोगशाळेत तेलाचे आयोडीन मूल्य काढण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. बाहेर बेळगावचा नेहमीचा पाऊस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी ब्युरेट अर्धवट सोडून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, एक विचारू? शेंगांचं तेल माणूस खातो. मग तेच लाकडाला लावलं तर वाईट कसं होतं?"

प्रश्न अभ्यासक्रमातला नव्हता. म्हणून मी त्याला बसवून घेतले आणि मग सारी हकीकत कळली. त्याचे वडील खानापूर तालुक्यात सुतारकाम करतात. मे महिन्यात गोव्याच्या एका हॉटेलने त्यांच्याकडून भाजी आणि मासळी चिरायच्या चाळीस फळ्या करून घेतल्या. फणसाचे आणि शिवणीचे जुने, मुरलेले लाकूड वापरले होते. हॉटेलची अट एवढीच, की फळीला पॉलिश नको, जे लावाल ते पोटात गेले तरी चालेल असे असावे. वडिलांनी साधा विचार केला. पोटात गेलेले चालते असे घरात काय आहे? गोडेतेल. चाळीसही फळ्यांना त्यांनी शेंगतेलाचे दोन हात दिले, प्रत्येक फळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माल रवाना केला. सहा आठवड्यांनी साराच्या सारा माल परत आला. फळ्या हाताला चिकट लागत होत्या, खवट वास येत होता आणि काहींवर करडी बुरशी धरली होती. हॉटेलने पैसे दिले नाहीत. वडील म्हणत होते, लाकूड ओले निघाले असेल. मुलाला ते पटत नव्हते.

त्या दिवशी मी त्याला उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मला ते नीट देताही आले नसते. तेलांचे रसायनशास्त्र मी पंचवीस वर्षे शिकवत होतो, पण माझ्या स्वतःच्या घरातील फळीला मी काही वर्षांपूर्वी दुकानातले पॉलियुरेथेन व्हार्निश लावले होते. दोन-तीन महिन्यांत सुरीच्या घावांनी त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि एके दिवशी कोशिंबिरीत सापडले. घरच्यांनी त्यावर काय म्हटले ते येथे लिहीत नाही.

आपल्याकडे या विषयाची जुनी माहिती का सापडत नाही, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात सुरी लाकडावर आपटतच नव्हती. विळीचे पाते वर उभे असते, भाजी त्याच्यावर अधांतरी चिरली जाते आणि पाट फक्त पायाखाली राहतो. कन्नड घरांतली ईळिगे तीच. पोळपाटावर लाटणे फिरते, काठवटीत पीठ मळले जाते. यांपैकी कशालाही धार लागत नाही. पोळपाटाला माझ्या मते काहीच लावू नये. पिठातले तेल त्याला वर्षानुवर्षे पुरते. लाकडावर सुरी मारणारा आपल्यातला एकच, तो म्हणजे खाटीक. त्याचा चिंचेचा ओंडका कोणत्याही तेलाविना चालतो, कारण तो रोज खरवडला जातो, मीठ चोळले जाते आणि झिजला की नवा येतो. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा घरात आला आणि त्याच्यामागून चिरण्याची फळी आली. म्हणजे प्रश्नच आपल्या घरांना नवा आहे.

आता मूळ मुद्दा. तेल म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांची संयुगे, हे आपण जाणतो. मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध असले की ते असंतृप्त. शंभर ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन पकडते, तितके त्याचे आयोडीन मूल्य. म्हणजे हा आकडा दुहेरी बंधांची मोजदाद आहे. खोबरेलाचे मूल्य सुमारे 6 ते 11 असते. शेंगतेलाचे बहुधा 85 ते 100, एरंडेलाचे 82 ते 90, सूर्यफुलाचे 118 ते 141, करडईचे 136 ते 148. जवसाचे 170 च्याही पुढे जाते. लिक्विड पॅराफिन हे मेदच नव्हे. ते खनिज तेलापासून शुद्ध केलेले संतृप्त हायड्रोकार्बन आहे. त्यामुळे त्याचे मूल्य जवळजवळ शून्य.

दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन सैल असतो आणि दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेला तर फारच सैल. हवेतला ऑक्सिजन तेथे शिरतो आणि पेरॉक्साइडे तयार होतात. याच्या पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळे विणले जाते आणि तेल घट्ट होऊन कोरडे होते. रंगारी ज्याला तेल 'सुकले' म्हणतात ते हेच. त्यात पाण्यासारखे काही उडून जात नाही. उलट सुकताना तेलाचे वजन वाढते. दुसऱ्या वाटेने पेरॉक्साइडे तुटून हेक्झॅनालसारखी लहान आल्डिहाइडे बनतात, आणि खवट वास त्यांचाच. दोन्ही वाटांची सुरुवात एकच आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासारखे आहे. जवसात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. त्याच्या प्रत्येक साखळीत तीन दुहेरी बंध, त्यामुळे जाळे पुरे होते. मधल्या काळात वास येतो, पण जाळे घट्ट झाले की तो ओसरतो. शेंगतेलात एक दुहेरी बंधाचे ओलेइक आम्ल अधिक आणि दोन बंधांचे लिनोलेइक त्याहून कमी. ऑक्सिडीकरण सुरू होण्याइतके बंध आहेत, जाळे पुरे होण्याइतके नाहीत. खवटपणा म्हणजे अर्धवट राहिलेले सुकणे, असे मी आता वर्गात सांगतो.

म्हणून फळीच्या बाबतीत दोन टोके चांगली आणि मध्य वाईट. एक तर तेल पुरते सुकणारे हवे, नाही तर ऑक्सिजनला दाद न देणारे हवे. आणि आपल्या फोडणीची बहुतेक तेले, शेंग, तीळ, सूर्यफूल, नेमकी मध्यावर येतात. माणूस तेल खातो ते ताजे असताना खातो. फळीवर ते महिनोन्महिने पातळ थराने हवेला उघडे असते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

हे आकड्यांवरून सांगणे सोपे, पण त्याच्या वडिलांना आयोडीन मूल्य दाखवून काय उपयोग? म्हणून आम्ही काचेच्या पट्ट्यांवर प्रयोग मांडला. खोबरेल, शेंग, करडई, घाण्यावरचे कच्चे जवस आणि औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन, प्रत्येकाचा एक थेंब बोटाने पातळ पसरला, पट्ट्या तोलून घेतल्या आणि खिडकीच्या आत ठेवल्या. पावसाळ्याचे दिवस असूनही जवस दहाव्या दिवशी बोटाला लागेनासे झाले. त्याचे वजन दहाव्या हिश्शाहून अधिक वाढलेले होते. करडई महिन्याभराने चिकट डिंकासारखी झाली आणि तशीच राहिली. शेंगतेल दोन महिन्यांनीही ओलेच होते, आणि पट्टी नाकापाशी नेल्याबरोबर त्या मुलाने मान फिरवली. "सर, हाच तो वास." खोबरेल आणि पॅराफिन होते तसेच राहिले.

प्रयोगशाळेतले मामा या साऱ्याकडे पाहत होते. ते नेसरगीकडचे. पट्ट्यांवरची चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "अगसी एण्णी ना? आमचे वडील नांगराच्या दांड्याला तेच लावायचे. वास जाईपर्यंत हात लावू द्यायचे नाहीत." जवस म्हणजेच त्यांची अगसी. वास जाणे ही तेल पुरते सुकल्याची खूण आहे, हे त्यांच्या वडिलांना ठाऊक होते आणि मला पट्ट्या तोलून कळले. असो.

खोबरेलाविषयी थोडे सांगायला हवे, कारण कोकण-गोव्याकडील वाचक तेच सुचवतील. ते सहसा हवेने खवट होत नाही, हे खरे. पण ओल आणि बुरशी यांच्या संगतीने त्याचे विघटन होऊन मोकळी मेदाम्ले सुटतात आणि साबणासारखी चव येते. शिवाय ते 24-25 अंशांखाली गोठते. आपल्या डिसेंबरात फळीवर पांढरा लेप दिसतो. घरच्या फळीला दर आठवड्याला लावून पुसून घेतले तर चालेल. विकायच्या मालाला नको.

आयोडीन मूल्याची एक मर्यादाही येथेच नोंदवतो. ते बंध मोजते, बंध कोठे आहेत ते सांगत नाही. चिनी टंग तेलाचे मूल्य जवसाहून जास्त नाही, तरी ते अधिक लवकर सुकते, कारण त्यातील बंध एकाआड एक, संयुग्मी रचनेत आहेत. एरंडेल एरवी कधीच सुकत नाही, पण पुष्कळ तापवले तर त्यातून पाणी निघून जाते, नवा दुहेरी बंध तयार होतो आणि ते सुकणारे बनते. कच्छमधील निरोणा गावचे कारागीर एरंडेल आटवून जो रोगण करतात व कापडावर चित्रे काढतात, त्यामागे तेल तापवून घट्ट करण्याची हीच करामत आहे.

मुलाच्या वडिलांनी दोन सूचना केल्या होत्या. पहिली बेलतेलाची. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळते ते बेलफळाचे नव्हे. 'बॉइल्ड'चे बेल झाले असावे. ते जवसाचेच तेल, पण लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात. पूर्वी यासाठी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, घालून तेल उकळत. दाराच्या चौकटीला हे चालते, खाण्याच्या फळीला मी ते लावू देणार नाही. डब्यावर काय मिसळले आहे हे लिहिलेले नसते, एवढे एक कारण मला पुरते. दुसरी सूचना काजूच्या टरफलाच्या तेलाची. होड्यांच्या लाकडाला ते लावतात, कीड लागत नाही. कीड का लागत नाही? त्यातील फिनॉली द्रव्ये बिब्ब्याच्या जातीची आहेत, कातडी भाजते. तो विचार तेथेच सोडला.

लाखेचे काय, असे कोणी विचारील. लाख खाण्याला निर्धोक आहे. औषधाच्या गोळ्यांवर तिचा लेप असतो. चन्नपट्टणची खेळणी कातावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यांच्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. त्या खेळण्याइतके देखणे लाकूड मी पाहिलेले नाही. परंतु लाखेचा थर हा थरच. सुरीखाली तो माझ्या व्हार्निशासारखाच फुटेल, आणि गरम पाण्याने पांढरा पडेल. व्हार्निश पुरते सुकल्यावर विषारी असते असे नव्हे. अडचण अशी की, जे लाकडाच्या वर बसते ते सुरीने निघते आणि भाजीत जाते. फळीला लावायचे ते लाकडाच्या आत मुरणारे हवे.

म्हणजे उरली दोन: कच्चे जवस आणि लिक्विड पॅराफिन. पॅराफिनचे नाव ऐकून वडील हसले. "जुलाबाचं औषध लाकडाला?" खरेच आहे, औषधाच्या दुकानात ते त्याच कामासाठी मिळते. पण आपल्या कामाला तीच खात्री आहे. बाटलीवर आय.पी. अक्षरे असली की ते भारतीय औषधकोशाच्या प्रतीचे, पोटात घेण्याच्या लायकीचे. यंत्राचे तेलही खनिज तेलच, पण ते या कामाला कदापि वापरू नये. पॅराफिनचा दोष एवढाच की ते सुकत नाही, धुण्याने हळूहळू निघून जाते आणि पुन्हा लावावे लागते.

परत आलेल्या फळ्यांचे काय करायचे? आधी धुण्याच्या सोड्याने खवट तेल काढून पाहिले. मोकळ्या मेदाम्लांचा साबण झाला खरा, पण फणसाचा पिवळा रंग असा भडक झाला की वडिलांनी ती फळी उचलून बाजूला ठेवली. शेवटी रंध्याने वरचा थर काढला. चाळीसपैकी एकतीस फळ्या वाचल्या. बाकीच्यांच्या टोकांना तेल खोलवर गेले होते. लाकडाच्या नळ्या टोकाकडे उघड्या असतात, त्यामुळे तेलही तेथेच जास्त शिरते आणि पाणीही.

मग फळ्या काचपेपरने घासल्या, ओल्या फडक्याने पुसून लाकडाची लव उभी केली, वाळल्यावर पुन्हा घासल्या. बारा फळ्यांना कोमट पॅराफिन दिले. रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी पुसून टाकायचे, असे चार दिवस, टोकांना दुप्पट. शेवटी चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचे मेण यांचा लेप. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, म्हणून पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ते करायचे, थेट शेगडीवर नाही. उरलेल्या फळ्यांना जवसाचे तीन पातळ हात दिले. तेल लावून वीस मिनिटांनी वरचे सगळे पुसून घ्यायचे, कारण जाड राहिले तर वर साय धरते आणि आत ओले राहते. दोन हातांमध्ये आठवडा, आणि शेवटच्या हातानंतर महिनाभर मोकळ्या हवेत.

याच कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती लिहिलीच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये दोन फळ्या मी घरी आणून जवस लावले आणि तेल पुसलेली फडकी चुरगाळून मागच्या पडवीतील पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. दुपारी करपल्यासारखा वास आला. जाऊन पाहतो तो खोक्यातून धूर निघत होता. फडकी उलगडायला गेलो तर बोटे भाजली, मधला भाग काळा पडला होता. पाण्याची बादली ओतली म्हणून तेवढ्यावर निभावले. जवस सुकताना उष्णता बाहेर पडते. फळीवर ती हवेत निघून जाते, फडक्यांच्या बोळ्यात ती कोंडते, तापमान वाढते, आणि तापमान वाढले की ऑक्सिडीकरण आणखी वेगाने होते. फिलाडेल्फियातील 'वन मेरिडियन प्लाझा' ही उंच इमारत 23 फेब्रुवारी 1991 रोजी जळाली, ती जवस तेलाच्या अशाच फडक्यांमुळे, आणि तीत अग्निशमन दलाचे तिघे जवान मरण पावले. हे मला वाचून माहीत होते, आणि तरी मी फडकी खोक्यात टाकली. सुतारशाळेत तर शेजारी भुसा असतो. त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले की फडकी दोरीवर एकेक वाळत घाला, नाही तर पाण्यात बुडवून ठेवा.

हॉटेलच्या आचाऱ्याची एक शंका राहिली होती, लाकडावर मासळी चिरणे बरे का? याविषयी अमेरिकेत अक आणि क्लिव्हर या संशोधकांनी 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. कच्च्या मांसातून येतील इतके जंतू लाकडावर टाकले तर ते आत शोषले जातात आणि थोड्या वेळाने पृष्ठभागावरून बहुधा परत मिळत नाहीत. नवे प्लास्टिक सहज स्वच्छ होते, पण सुरीच्या घावांनी चरे पडलेले प्लास्टिक स्वच्छ करणे अवघड जाते. लाकडाला खनिज तेल लावल्याने निष्कर्षांत विशेष फरक पडला नाही. याचा अर्थ फळी धुवायची नाही असा कोणी घेऊ नये. मासळीची फळी वेगळी, कोशिंबिरीची वेगळी, आणि धुतलेली फळी आडवी न ठेवता उभी ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी वाळते आणि वाकत नाही.

डिसेंबरात पॅराफिनच्या बारा फळ्या त्याच हॉटेलला नमुना म्हणून गेल्या. या वेळी प्लास्टिक नव्हते, वर्तमानपत्रही नव्हते, नुसता कोरा कागद. फेब्रुवारीत निरोप आला की फळ्या चांगल्या आहेत, पण कोरड्या पांढऱ्या दिसू लागल्या आहेत. वडिलांनी आता प्रत्येक फळीबरोबर पॅराफिनची लहान बाटली द्यायची ठरवले आहे. तारखेच्या मागण्यांना पॅराफिन आणि सवडीच्या मालाला जवस, अशी त्यांनी वाटणी केली आहे. जवसाच्या फळ्या त्यांना स्वतःला अधिक आवडतात. रंग खुलतो, म्हणतात.

चिठ्ठीवर काय छापायचे यावर मात्र बाप-लेकांचा वाद झाला. मुलाला 'फूड सेफ' हे शब्द हवे होते, बाजारात सगळे तेच लिहितात. वडील म्हणाले, शेंगतेलाच्या वेळी पण मी तेच सांगितलं होतं. सध्याच्या चिठ्ठीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत इतकेच आहे: लाकूड फणस, तेल कच्चे जवस, तीन हात, आणि शेवटचा हात दिल्याची तारीख.